डावीकडची खिडकी

माझ्या धाकट्या जावेच्या बाबांना विचारल्याशिवाय पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतला शहाणा माणूस मुंबईच्या गाडीचं तिकीट काढत नाही. ज्यानं न विचारता काढलं, तो पुढं कितीतरी दिवस पेडण्याच्या बाजारात त्यांच्यासमोरून जायचं टाळतो. वंदे भारत घ्यावी, तेजस घ्यावी की जनशताब्दी, हा प्रश्न आमच्या भागात लग्नाच्या मुहूर्ताइतक्याच गांभीर्यानं विचारला जातो. मुहूर्त सांगणारे गावोगाव आहेत, गाडी सांगणारा माणूस मात्र हा एकच. आणि हे गृहस्थ स्वतः आगगाडीनं सावंतवाडीच्या पलीकडं कधी गेलेले नाहीत. सावंतवाडीलाही एकदाच, चष्मा करायला. मी शाळेत शिकवते, त्यामुळं मनातलं तोंडावर यायला मला वेळ लागत नाही. "बाबा, तुम्ही कधी या गाड्यांत बसला तरी आहात का?" असं मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं. ते जराही डगमगले नाहीत. "बाईनु," ते म्हणाले, "काटेवाल्यान ट्रक चालवचो नसता. वजन करूचां असता."

या उत्तराचा अर्थ कळायला त्यांची नोकरी माहीत असायला हवी. खाणी जोरात होत्या त्या काळात ते डिचोलीजवळच्या एका खाणीच्या काट्यावर होते. काटा म्हणजे जमिनीत बसवलेला तो भलामोठा तराजू, ज्यावर अख्खा ट्रक चढतो. रोज सकाळी पांढरा शर्ट घालून पेडण्याहून स्कूटरवर निघायचे आणि संध्याकाळी तोच शर्ट खनिजाच्या धुळीनं तांबडा करून परतायचे. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, मग रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, भरल्यातून रिकामा वजा करायचा. उरेल ते निव्वळ. तीसेक वर्षं हे एकच काम केल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच त्यांचं झालं. घरात फणस आला की तो आधी अख्खा तोलला जातो, मग साल आणि आठळ्या वेगळ्या तोलल्या जातात, आणि खाणाऱ्याला गऱ्यांचं निव्वळ वजन ऐकूनच पहिला गरा तोंडात घालता येतो. एखाद्या समारंभाला जाऊन आले की भाषणं किती, सत्कार किती आणि निव्वळ कार्यक्रम किती, हे ते मिनिटांत सांगतात. निव्वळ कार्यक्रम पाव तासाच्या वर गेलेला माझ्या ऐकण्यात नाही.

माझ्या दिराला त्यांनी असाच तोलून घेतला. मुलगी बघायला म्हणून आम्ही डिचोलीहून सगळे गेलो होतो. दीर, सासू, सासरे, मी, माझा नवरा, दोन आत्या आणि आग्रह करून बरोबर आलेली एक शेजारीण. चहा झाला, पोहे झाले, सगळ्यांना सगळं पसंत पडलं. निघताना बाबा माझ्या सासऱ्यांजवळ आले आणि अदबीनं म्हणाले, "तुमचो झिल भरलेलो बघितलो. आता एकदा रिकामो पाठवा." डिचोली येईपर्यंत सासरे गाडीत त्याचा अर्थ लावत होते. पुढच्या रविवारी दीर एकटा गेला, बाबांबरोबर बागेत फिरून काजूची बोंडं वेचली, त्यांच्या हातची पेज जेवला, आणि लग्न ठरलं. "आजूबाजूच्या माणसांचां वजन वजा केलंय," बाबा मला पुढं कधीतरी म्हणाले, "तरी बरोच भरलो."

ती मुलगी म्हणजे मयुरी, माझी जाऊ. तिच्या लहानपणची एक गोष्ट तिच्याकडून मी इतक्यांदा ऐकली आहे की ती माझ्यासमोरच घडल्यासारखी वाटते. सुट्टीत ती बाबांबरोबर काट्यावर जायची. ट्रक नसले की बाबा तिला काट्याच्या मधोमध उभी करायचे. तो ट्रक तोलणारा काटा. त्याला पोरीचं वजन काय कळणार? आकडा शून्यावरून हलायचा नाही. "चेडवा, तू अजून काट्याक लागणा नाय," बाबा म्हणायचे, आणि मयुरी त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खायची.

काट्यावर त्यांचा एकच कडक नियम होता. वजन चालू असताना काट्यावर कुणी पाय द्यायचा नाही. मालकाचे भाऊ एकदा बोलता बोलता ट्रकला टेकून काट्यावर उभे राहिले. बाबांनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "खाली उतरा. तुमचां वजन खनिजात येता." ते उतरले. ही हकीकत सांगताना बाबांची मान जरा ताठ होते, आणि ती तशी व्हावी असंच ते वागले होते.

खाणी थंडावल्या, काटा बंद झाला, आणि बाबांची तोलण्याची हौस रेल्वेकडं वळली. त्यांचं घर पेडण्याचं स्टेशन सोडून उत्तरेला, बोगद्याच्या अलीकडं आहे. घरामागं काजूची बाग, बागेच्या टोकाला उंचवटा, आणि उंचवट्याच्या पलीकडं रूळ. त्या उंचवट्यावर बसून त्यांनी सगळ्या गाड्यांचा अभ्यास केला. प्रश्न विचारायला फोन आला की ते आधी गाडीचं नावच काढू देत नाहीत. आमच्या डिचोलीच्या औषधवाल्यांना तेजसनं जायचं होतं. त्यांच्या मेव्हण्यानं ती फार जोरात पळते म्हणून सांगितलं होतं. "जोरात पळता तां ड्रायव्हरचां काम," बाबा म्हणाले. "तू घरातसून कितक्याक भायर पडतलंस आणि थंय जेवणाच्या ताटार कितक्याक बसतलंस, तां माका सांग." मग त्यांनी कागद घेतला. तेजस थिवीला थांबत नाही, तेव्हा डिचोलीच्या माणसानं आधी करमळीला जायचं, म्हणजे मुंबई उत्तरेला आणि निघायचं दक्षिणेला. वाटेत वाहनांची गर्दी. लवकर पोचून फलाटावर बसणं. मुंबईत उतरल्यावर ज्या उपनगरात जायचं तिथं जायला पुन्हा दुसरी गाडी. हे सगळं वजा केल्यावर उरलेला निव्वळ वेग बैलगाडीच्या जवळपास आला, आणि औषधवाले जनशताब्दीनं गेले. याउलट फोंड्याच्या एका व्याह्यांना, ज्यांना करमळी सोयीची होती, बाबांनी हट्टानं तेजसमध्ये बसवलं. एका वकीलबाईंना ठाण्यात वेळेवर उभं राहायचं होतं, त्यांना वंदे भारत. म्हणजे कुठल्या एका गाडीवर त्यांचं प्रेम आहे असं कुणी म्हणू शकत नव्हतं. माणूस बघून गाडी देतात, असंच सगळे म्हणायचे.

गाडी बदलायची, पण एक गोष्ट कधी बदलायची नाही. खिडकी डावी. बाबा खिडकीला आमच्याकडच्या जुन्या शब्दानं जनेल म्हणतात. "आणि जनेल डावो घे हां," हे सल्ल्याचं शेवटचं वाक्य. आता तिन्ही गाड्या दुपारच्या. दुपारी उत्तरेला निघालेल्या गाडीत डावी बाजू म्हणजे पश्चिम. पश्चिमेचं ऊन ठाण्यापर्यंत, नाहीतर अंधार पडेपर्यंत, माणसाच्या डाव्या गालावर येतं, हे माझ्या पाचवीच्या मुलांनाही कळतं. बाबांनी पाठवलेला माणूस मुंबईत ओळखू यायचा. त्याचा एक गाल भाजलेला असायचा. कारण विचारलं तर ते प्रत्येकाला वेगळं सांगायचे. संधिवाताच्या माणसाला ऊन चांगलं. तरुणांना डावीकडं समुद्र दिसतो. आणि तो दिसला नाही तर त्यांनी नीट बघितलं नाही. मला म्हणाले, "डावीकडसून गाडयेचो धक्को कमी बसता." मी भूगोल शिकवणारी बाई, तरी हे ऐकून डावी खिडकी घेतली, हे आज कबूल करायला हरकत नाही. जनशताब्दीचा साधा डबा होता, खिडकी उघडी होती. पेडणं सोडल्यावर काजूच्या बागेत कुणीतरी पंचा जोरजोरात हलवत होतं. माकडं हाकलत असेल बिचारा, असं म्हणून मी वाऱ्यासाठी हात बाहेर काढून बसले. परत आल्यावर बाबांनी मला गाडी कशी होती ते विचारलंच नाही. "जनेल उघडो होतो मगे?" एवढंच विचारलं.

रुळांच्या बाबतीत त्यांचा आणखी एक कायदा होता, तो म्हणजे तांबडा रंग. रुळाकडच्या कुंपणावर तांबडा कपडा वाळत घालायचा नाही. मयुरीच्या आईनं एकदा नवीन तांबडं लुगडं तिकडं टाकलं होतं, तर बाबा जेवणावरून उठून धावत गेले आणि ओलं लुगडं गुंडाळून आणलं. "ड्रायव्हरान बघितलां आणि गाडी थांबयल्यान म्हणजे? चारशे माणसां उशिरान पोचतली, तुझ्या लुगड्याखातर." तेव्हापासून त्या घरात तांबडं वस्त्र दक्षिणेकडच्या दोरीवर वाळतं. हिरवंही बंद, उगीच ड्रायव्हरचा समज व्हायला नको. रुळाच्या बाजूला फक्त पांढरं.

असं सगळं बिनचूक चाललं होतं, आणि मग मयुरीनं ठाण्याला जायची वेळ आली. दिराला तिकडं चांगली नोकरी लागली होती, जागा मिळाली होती. मयुरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, पेडण्याला होती. मुलगी झाली. ती चार महिन्यांची झाल्यावर दोघींनी ठाण्याला जायचं, कायमचं. दिराला रजा मिळत नव्हती, तेव्हा पोचवायला मी जायचं ठरलं. "गाडी कुठली ते बाबांना विचार," असं सांगून दिरानं आपली जबाबदारी संपवली. मीही निर्धास्त होते. आख्ख्या गोव्याला गाडी सांगणारा माणूस स्वतःच्या लेकीला सांगणार, यात घोळ कसला?

मी फोन केला. "बघूया," बाबा म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला. दोन दिवसांनी पुन्हा फोन केला. "तोलतंय," म्हणाले. आठ दिवस गेले. सुट्ट्यांचे दिवस, जागा भरत चालल्या होत्या, आणि बाबा तोलतच होते. मला राग आला. मी म्हटलं, "बाबा, मी तेजसचं काढू का? करमळीला जाऊ हवं तर." ते घाईनं म्हणाले, "नाय, नाय. थांबा. सोमवारी तुमी हंय येवा. देवाक विचारूया." मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, बाबांची तब्येत बरी नाही.

कौल घेणं आमच्याकडं नवीन नाही. जमिनीचं, लग्नाचं, परदेशी जायचं अडलं की माणसं गावच्या देवळात जातात. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडं आणि डावीकडं ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पण बाबांनी आजवर कसल्याच गोष्टीचा कौल घेतला नव्हता. काटा असलेल्या माणसाला कौल कशाला, असं ते म्हणत. आणि आता आगगाडीसाठी देवळात उभे होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून, मला साक्षीला घेऊन.

"तीन गाड्यो असत," त्यांनी गुरवाला समजावलं. "वंदे भारत, तेजस आणि जनशताब्दी."

"काटेवाल्यानु," गुरव म्हणाला, "देवाक एक उजवो, एक डावो. तीन विचारूक येयत नाय."

"मग दोनदा विचार. पयलीं एक विरुद्ध दोन..."

"ह्यो काय तुमचो काटो नाय, फिरून फिरून चडवूक. एक काय तां विचारा."

बाबांनी एकवार देवाकडं बघितलं. मग गुरवाच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराची लेक तान्ह्या पोराक घेवन मुंबयक जाता. ती जनशताब्दीन गेली तर सुखरूप पोचात काय, तो कौल दी म्हाराजा!" मी अजून नीट हात जोडले नव्हते, तोच उजवीकडची पाकळी पडली. इतका चटकन कौल मी कुणाला मिळालेला बघितला नाही. गुरव खूश झाला. मीही सुटकेचा श्वास टाकला आणि पिशवीतून फोन काढला. म्हटलं, उभ्या उभ्या तिकीट काढावं.

बाबांचं तोंड मात्र उतरलं होतं. ते बाहेर आले आणि देवळाच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले.

"काढूं नकात तिकीट," ते म्हणाले.

"देवानं दिला ना कौल?"

"देवान दिल्यान. देवाचां काय चुकलां नाय. प्रश्न मी वाकडो घातलंय." ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते. "गेली तर पोचात काय, ह्यां विचारलंय. पोचतलीच. जनशताब्दी काय, मालगाडयेन गेली तरी पोचतली. खंयच्या गाडयेन जावचां बरां, ह्यां विचारूकच नाय. काट्यार पाय दिलंय बाईनु मी. आख्ख्या जल्मात दिलंय नाय तो आज दिलंय."

मी विचारलं, "पण जनशताब्दीच का?"

"तिचो जनेल उघडता," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काट्यावर तीस वर्षं ट्रक त्यांच्यापुढं थांबून पुढं जायचे. ड्रायव्हर हात करायचा, हे हात करायचे. काटा बंद झाला आणि त्यांच्यापुढून कुणी जाईनासं झालं. म्हणून ज्याला ज्याला गाडी सांगितली, त्याच्या गाडीच्या वेळेला ते उंचवट्यावर जाऊन उभे राहत. आपला माणूस लांब निघाला आहे तर त्याला कुणीतरी हात करावा. उत्तरेला जाताना बाग डावीकडं येते, म्हणून खिडकी डावी. कुणी बघितलं तर बघितलं. वंदे भारतच्या आणि तेजसच्या काचा बंद, बाहेरून काळ्या दिसतात. आत माणूस आहे की नाही कळत नाही. पण जनशताब्दीच्या साध्या डब्याच्या खिडकीत माणूस दिसतो. "तुमी दिसल्यात मगे," ते म्हणाले. "हिरवी साडी. हात भायर काढलेलो. हात भायर काढूचो नसता बाईनु."

"म्हणजे माझा गाल तुमच्यापायी भाजला?" मी म्हटलं. मला रागवायचं होतं, पण ते जमलं नाही. त्या बागेतल्या माणसाला मी माकडं हाकलणारा समजले होते, आणि हात बाहेर असूनही त्याला केला नव्हता, याचंच मला वाईट वाटत होतं.

बाबा पायरीवर सावरून बसले. मग खिशातून कागद काढला, चष्मा चढवला, आणि माझ्यादेखत पुन्हा तोलायला घेतलं. एप्रिलचं ऊन. उघड्या खिडकीतून गरम वारा आणि धूळ. वातानुकूलित डबा हवाच. करमळी नको, तान्हं मूल घेऊन उलट्या दिशेची वाट कशाला? थिवी घरापासून जवळ. गाडीत कमीत कमी वेळ. बोलता बोलता ते थांबले. "तां पोर काट्यार उभां केलां तर काटो शून्य दाखयतलो," ते म्हणाले. "पण सगळां वजन ताचांच." आणि कागदाची घडी घालून त्यांनी निकाल दिला, "वंदे भारत, थिवीसून. आणि जनेल उजवो घ्या."

"उजवा?"

"डावीकडसून पोराच्या तोंडार ऊन येतलां."

ते उठले, परत देवळात गेले, आणि मी बाहेरूनच ऐकलं. "देवाक सांग," ते गुरवाला म्हणत होते, "कौल पावलो, पण घेणा नाय. म्हातारो लबाड असा म्हणून सांग." गुरव काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. देव मात्र रागावला नसावा, कारण त्याच संध्याकाळी आम्हाला उजवीकडच्या शेजारशेजारच्या दोन जागा मिळाल्या.

जायच्या दिवशी बाबा थिवीला आले नाहीत. बाळाच्या कपाळाला तीट लावून त्यांनी आम्हाला अंगणातूनच निरोप दिला आणि वाटेत कुठली वाहनं आडवी येतील ते टॅक्सीवाल्याला बजावलं. मी मयुरीला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची झाकली मूठ आपण का उघडावी? गाडी वेळेवर आली, बाळ थंड हवेत शांत झोपलं, उजवीकडं सावली होती. बाबांनी केलेली निवड तंतोतंत बरोबर होती, आणि माझी मी मनातल्या मनात तेजसबद्दल माफी मागून घेतली.

पेडण्याच्या अलीकडचा कोलवाळचा पूल गेला तशी मयुरी उठली. "वयनी, हिका जरा घे," म्हणाली आणि झोपलेलं बाळ तिनं माझ्या मांडीवर दिलं. मग पिशवीतून बाळाचं दुपटं काढलं. पेडण्याच्या घरी दक्षिणेकडच्या दोरीवर वाळणारं, लालभडक दुपटं. ती पलीकडं गेली आणि डावीकडच्या खिडकीशी बसलेल्या गृहस्थांना म्हणाली, "दादा, दोन मिनटां माका जनेल देशात?" ते गोंधळून उठले.

"तुला माहीत होतं?" मी बाळाला घेऊन तिच्या मागं जाऊन उभी राहिले.

"लग्न झाल्यापासून मुंबयक जाताना डावीकडंच बसतंय गो मी," ती म्हणाली. "माझे बाबा ते. माका म्हायत नसतलां?"

पेडण्याचं स्टेशन सर्रकन मागं गेलं. मयुरीनं दुपटं दोन्ही हातांनी उलगडून काचेवर दाबून धरलं आणि वरच्या कडेवरून बघत राहिली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. काजूची झाडं, उंचवटा, आणि उंचवट्यावर पांढरा शर्ट. बाबा पंचा हलवत होते. उजवीकडच्या जागा त्यांनीच घ्यायला लावल्या होत्या, या बाजूला कुणी नसणार हे त्यांना माहीत होतं, काचा काळ्या आहेत हेही माहीत होतं, तरी पहिल्या डब्यापासून ते प्रत्येक डब्याला हात करत होते, एकही न वगळता. आमचा डबा आला आणि गेला. दोन श्वास, फार तर तीन. मग बोगदा आला आणि काचेत दुपट्याच्या वर मयुरीचा चेहरा दिसायला लागला, आणि मागं माझा. ज्यांची जागा होती ते गृहस्थही उभेच होते.

बोगदा संपून थोडं पुढं गेल्यावर फोन वाजला. मयुरीनं डोळे पुसले आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. बाबा धापा टाकत होते, उंचवट्यावरून धावत उतरले असावेत.

"चेडवा! गाडयेतसून तांबडां दाखयता काय कोण?" ते ओरडले. "आख्खो जल्म सांगतंय मी, रुळाकडे तांबडां न्हेवूचां नाय. ड्रायव्हरान बघितल्यान असता म्हणजे? गाडी थांबली असती म्हणजे?"

"नाय बाबा," मयुरी म्हणाली, "थांबली नाय."

पलीकडं बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता.

"होय गो," बाबा म्हणाले. "थांबली नाय."